आपल्या भित्तिपत्रकाची खूण साधीच असावी

मागच्या शनिवारी गुरुजींनी सांगितले की आपल्या भित्तिपत्रकासाठी एक खूण करायची. सर्वांनी चित्रे काढली. मीपण काढले. माझ्या चित्रात वाघ, सागाचे झाड, मोर, सूर्य, नदी आणि झोपडी होती. मला वाटले, माझाच नंबर येणार. मग गुरुजी म्हणाले, "आता याचा बटाट्याचा ठसा करा." बटाटा केवढासा! वाघाचे पाय तुटले, मोर निघालाच नाही. कागदावर नुसता निळा डाग पडला. सगळे हसले. मला रडूच आले. पण घरी विचार केला तेव्हा पटले, की चूक बटाट्याची नव्हती.

रुपयाची खूण पहा. ती उदयकुमार यांनी काढली. ते मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये शिकले. १५ जुलै २०१० ला सरकारने ती घेतली. त्यात आपला 'र' आहे आणि उभी रेघ काढलेला इंग्रजी 'आर' पण आहे. वर दोन आडव्या रेघा. बस्स, एवढेच! नाण्यावर ती किती बारीक असते, तरी ओळखू येते. मी ती धुळीत बोटानेसुद्धा काढली.

माझ्या आजीला वाचता येत नाही. पण स्टेट बँकेचे पासबुक ती लगेच ओळखते. म्हणते, "थो निळा गोल हाय ना, थेच माह्यं पुस्तक." तो गोल १९७१ पासून आहे. त्यात दहा चित्रे असती तर आजीला कळले असते का?

लाकडाच्या डेपोत सागाच्या लठ्ठ्यावर हातोड्याने खूण उमटवतात. तीसुद्धा थोडक्यातच असते.

काही मुले म्हणतात, साधे म्हणजे आळस. मला हे पटत नाही. सहा चित्रे काढणे सोपे होते. त्यातली पाच खोडणेच मला जड गेले. वर्गात सगळे एकदम बोलले तर गुरुजींना कोणाचेच ऐकू येत नाही. खुणेचेही तसेच आहे.

म्हणून माझे मत असे, की आपली खूण सागाचे एक पान असावी. साग आपल्या आलापल्लीचा. त्याचे कोवळे पान चोळले की हात लाल होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पानाची कड आणि मधली शीर काढली की झाले. पहिलीतले मूलही काढील, आणि आईबाबांना दारातूनच दिसेल.

माझा वाघ मी वहीत जपून ठेवला आहे. शनिवारी तुम्ही पानाला मत द्या.

— इयत्ता ४ थी