सरी काढणाऱ्याला पैसे द्या

सोयाबीनच्या रानात सरी पाडणारं यंत्र विकत घ्यायला सरकार निम्म्यापर्यंत अनुदान देतं. ते यंत्र वापरून सरी पाडायला मात्र काहीच देत नाही. कृषी खात्यात सहाय्यक म्हणून लातूर जिल्ह्यात उभी नोकरी केली. बदलत्या हवामानापुढं आपलं शेतीधोरण कुठं कमी पडतं, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गावात त्याला ‘बीबीएफ’ म्हणतात, पुस्तकात रुंद सरी-वरंबा. ट्रॅक्टरमागचं हे पेरणीयंत्र एक रुंद, सपाट वरंबा करतं, त्यावर साधारण चार ओळी पेरतं आणि दोन्ही अंगांना सरी पाडत जातं. पाऊस कोसळला की जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, मुळं गुदमरत नाहीत. पावसानं ओढ दिली की सरीत मुरलेली ओल पिकाला आणखी काही दिवस तगवते. बियाणंही एकरी 30 किलोऐवजी 22 किलोच्या आसपास लागतं. आमच्या काळ्या जमिनीला याची फार गरज आहे. ही माती पाणी धरते तेव्हा सोडत नाही आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

आता पाऊस दोन्ही टोकं दाखवतो. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडं शेंगा भरण्याआधीच फुलं गळाली. 2025 च्या सप्टेंबरात सीना, मांजरा पात्र सोडून रानात शिरल्या आणि धाराशिव, सोलापूर, बीडच्या कितीतरी शेतांत पिकाबरोबर मातीही गेली. एकाच रानाला एका वर्षी पाणी धरून ठेवायचं आणि दुसऱ्या वर्षी त्याला वाट करून द्यायची, अशी दोन्ही कामं करावी लागतात. कधीकधी एकाच हंगामात.

मग एवढं चांगलं तंत्र असून शेतकरी ते वापरत का नाही? खात्यातले वरिष्ठ म्हणायचे, ‘प्रबोधन कमी पडतं.’ हे मला कधीच पटलं नाही. जून-जुलैत पेरणीयोग्य पाऊस झाला की वाफसा येतो आणि तो चार-पाच दिवसांचा असतो. तेवढ्यात सगळं गाव पेरायचं असतं. ट्रॅक्टर गावात मोजके. साध्या पेरणीयंत्रानं चालक दिवसभरात जेवढं रान उरकतो, त्याहून बीबीएफनं कमी उरकतं. वरंबा सरळ यावा म्हणून हात बसलेला लागतो आणि असा चालक भाडंही जास्त मागतो. त्यात ओळींमध्ये मोकळी जागा दिसली की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, ‘एवढं रान पडीक का ठेवलं रे?’ माझ्या एका शेजाऱ्यानं मला तोंडावर विचारलं, ‘काका, सरीत जी जमीन गेली तिचं कोण भरून देणार?’ उत्पन्न कमी होत नाही, हे मी त्याला कागदावर दाखवलं. पण जोखीम त्याची होती, कागद माझा होता. अनुदानावर घेतलेली कितीतरी यंत्रं पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्यांना बसायला झाली, त्याचं कारण हे आहे.

हेच सगळीकडं दिसतं. ठिबकच्या नळ्या, तुषार संच, शेततळ्याचं प्लास्टिक, फवारणीचा पंप, आता ड्रोन. या वस्तूंचं बिल असतं, बिलाला क्रमांक असतो आणि क्रमांक पोर्टलवर चढतो. जमिनीत काडीकचरा कुजवणं, उताराला आडवी पेरणी, सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक, पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासणं, यांचं बिल निघत नाही. म्हणून ती कामं योजनेत बसत नाहीत. हवामानाशी जुळवून घेण्याचं खरं काम तर यांतलंच आहे.

जागतिक बँकेच्या मदतीनं 2018 पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाची, म्हणजे ‘पोकरा’ची, बाजू इथं मांडलीच पाहिजे. 15 जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत तो चालला आणि हवामानबदल हा शब्द गावच्या समितीच्या बैठकीत त्यानंच आणला. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला त्यानं शिकवलं, ही मोठीच गोष्ट. पण मी ज्या गावांत जात होतो तिथं लोकांची रांग ठिबक आणि तुषारसाठी लागायची. ताळेबंदाच्या बैठकीला सरपंच, मी आणि चहावाला. लोकांचा यात दोष नाही. जिथं पैसा होता तिथं ते गेले.

पद्धतीसाठी पैसे देणं भारतात नवं नाही. ओडिशानं 2017 मध्ये भरडधान्य अभियान सुरू केलं, तेव्हा नाचणीची सुधारित पद्धतीनं लागवड करणाऱ्याला पहिली काही वर्षं हेक्टरी प्रोत्साहनाची रक्कम थेट खात्यात दिली, दरवर्षी थोडी कमी करत. पुढं तीच नाचणी सरकारनं हमीभावानं घेतली आणि रेशनवर दिली. पंजाबनं 2022 पासून चिखलणी न करता भाताची थेट पेरणी करणाऱ्याला एकरी 1,500 रुपये द्यायला सुरुवात केली. दोन्हीकडं अडचणी असतीलच. पण दोन्ही राज्यांनी कामाचे पैसे दिले.

आपल्याकडं पैसा येतो तो नुकसान झाल्यावर. त्यातही विम्याचं काय झालं पाहा. 2023 मध्ये एक रुपयात पीकविमा आला. बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला, हे खरं आहे. मशिदी-मंदिरांच्या, सरकारी जमिनींवरही विमे निघाल्याच्या बातम्या आपण वाचल्या. 2025 च्या खरिपापासून तो बंद झाला, शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला पुन्हा 2 टक्के झाला. याबद्दल माझी तक्रार नाही. फुकटातल्या वस्तूची किंमत राहत नाही. पण त्याच फटक्यात पेरणीच न होणं, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान या चारही जोखमी काढल्या आणि सगळी भिस्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. नेमक्या त्याच हंगामात सप्टेंबरचा पूर आला. चोराला पकडायला निघालो आणि घराची कडीच काढून आलो.

कापणी प्रयोग मी पुष्कळ केले आहेत. अख्ख्या महसूल मंडळातून चिठ्ठीनं निवडलेल्या मोजक्या शेतांत चौकोन आखायचा, तेवढं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. मंडळाचं उत्पादन त्याखाली गेलं तरच भरपाई. दुष्काळाला हे माप चालतं, कारण दुष्काळ सगळ्या मंडळावर सारखा पडतो. पाऊस आता तसा पडत नाही. ओढ्याच्या अलीकडचं रान वाहून जातं आणि पलीकडचं उभं राहतं. सरासरीत वाहून गेलेलं रान दिसतच नाही. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला तरच अतिवृष्टी, ही सरकारी मदतीची जुनी फूटपट्टीही याच जातीची. मोजणारं यंत्र मंडळाच्या गावी आणि पाऊस सहा किलोमीटरवरच्या वाडीत. पर्जन्यमापक गावोगाव न्यायचं काम आता टाळता येणार नाही.

बाजाराचे नियमही हवामानाकडं पाठ करून बसलेत. हमीभावाच्या खरेदीला सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. ऑक्टोबरभर पाऊस लांबतो, तेव्हा 12 टक्क्यांचं सोयाबीन आणायचं कुठून? 2024 मध्ये केंद्रानं 15 टक्क्यांपर्यंत सवलत दिली, पण ती येईतो गरजवंतानं आपला माल आडत्याला घातलेला होता. 2025-26 साठी हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता, बाजारात चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. असा फरक सोसणाऱ्या माणसाला ‘पीकपद्धती बदला’ असा उपदेश करायला मला तरी लाज वाटते. आमच्याकडं येळ अमावस्येला रानात ज्वारीच्या कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, आंबील आणि भज्जी खातात. आता ज्वारीच पेरली जात नाही म्हणून कोपीसाठी कडबा मागून आणावा लागतो. रब्बी ज्वारी कमी पाण्यावर येते आणि जनावरांचंही पोट भरते. तिची हमखास खरेदी करा, रेशनवर द्या, शेतकरी आपसूक तिकडं वळेल.

आता पैशाचं. 2025 च्या पुरानंतर राज्यानं जाहीर केलेलं पॅकेज 31,628 कोटींचं होतं. त्याआधी कृषी समृद्धी योजनेत पाच वर्षांत 25 हजार कोटी, म्हणजे वर्षाला पाच हजार कोटी, शेतीतल्या भांडवली गुंतवणुकीसाठी ठरले. त्यात पुन्हा यंत्रं, ड्रोन, शेततळी आहेत. राज्यात सोयाबीन साधारण 50 लाख हेक्टरांवर असतं. सरी-वरंब्यावर पेरणाऱ्या प्रत्येकाला हेक्टरी 3,000 रुपये, म्हणजे एकरी साधारण बाराशे, दिले आणि समजा राज्यातल्या एकूण एक शेतकऱ्यानं तसं पेरलं, तरी खर्च 1,500 कोटी होतो. पहिल्या वर्षी तर त्याचा दहावा भागही लागणार नाही. नदीच शिरली तर सरी काही करू शकत नाही, हे मलाही कळतं. खरडून गेलेल्या जमिनीला वेगळी मदत लागणारच. पण दरवर्षीचं नुकसान पुरानं कमी आणि साचलेल्या पाण्यानं, लांबलेल्या खंडानं जास्त होतं, हे मी पंचनामे करताना पाहिलं आहे.

खोटे दावे कसे रोखणार, हा प्रश्न अधिकारी विचारतील. 2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतःच्या रानात उभं राहून पिकाचा फोटो चढवतो आहे. सरी फोटोत दिसते. अनुदानातला थोडा वाटा ट्रॅक्टरवाल्याला दिला, तर वाफशाच्या घाईतही तो बीबीएफ जोडेल. आणि कृषी सहाय्यकाला पोर्टलच्या कामातून जून-जुलैपुरतं तरी मोकळं करा. त्याचं नाव आता सहायक कृषी अधिकारी झालंय; गावं तेवढीच आहेत.

कृषिमंत्र्यांना माझी विनंती आहे. सगळं राज्य एकदम नको. येत्या खरिपाला मराठवाड्यातला एक आणि विदर्भातला एक तालुका घ्या, ई-पीक पाहणीत पेरणीच्या पद्धतीचा एक रकाना वाढवा आणि तीन वर्षं एकरी बाराशे रुपये द्या. पैसे दिवाळीनंतर नकोत, पेरणी झाल्यावर महिन्याच्या आत द्या.