दाखला नको, दार उघडा!

सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढता न आल्यामुळे एखादा अपंग नागरिक दारातूनच परतला, तर निदान येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तो दृष्टीस पडतो. परंतु त्याच कचेरीच्या संकेतस्थळावरून जो अंध नागरिक हताश होऊन परततो, तो कोणालाच दिसत नाही. अंध मनुष्य संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ही प्रणाली त्यास वाचून दाखविते. पण बटणाला नावच दिलेले नसेल, शासननिर्णयाचे नुसते छायाचित्र चढविलेले असेल, तर तीही मुकी होते.

कायदा नाही, असे नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांचा अधिनियम २०१६ सालीच झाला. मात्र सुगम्यतेचे नियम करताना सरकारने सक्तीच्या जागी शिफारशींवर भागविले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्दबातल ठरविला. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवांचा लाभ हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बँकेत ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, ही अट ज्यांना पाळताच येत नाही, अशांनी ही दाद मागितली होती. संबंधित संस्थांनी प्रमाणित तज्ज्ञांकडून वेळोवेळी तपासणी करवून घ्यावी आणि चाचणीत अंध व्यक्तींना सामील करावे, असा आदेशही न्यायालयाने दिला.

तेव्हा आता सल्लागारांना सुगीचे दिवस येणार, हे उघड आहे. सल्लागार नेमण्यास आमचा विरोध नाही. तो नेमलाच पाहिजे. आमची भीती निराळी आहे. चार पानी अहवाल, एक दाखला आणि मुखपृष्ठावर एक चिन्ह, एवढ्यावर साहेब मोकळे होतील, ही ती भीती होय! यांत्रिक तपासणी चित्रास वर्णन जोडले आहे की नाही, एवढेच सांगते. ते वर्णन उपयोगाचे आहे की नाही, हे माणसालाच सांगावे लागते.

म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे असे की, सल्लागारास संकेतस्थळ बांधून झाल्यावर नव्हे, तर निविदा काढतानाच बोलवावे. चाचणी अंध, बहिऱ्या व हात न चालणाऱ्या माणसांकडून, त्यांना मेहनताना देऊन करावी. दोष दूर होऊन फेरतपासणी झाल्यावाचून कंत्राटदाराचे अखेरचे बिल चुकते करू नये. संकेतस्थळ रोज बदलते. म्हणून त्यावर मजकूर चढविणाऱ्या कारकुनासही हे शिक्षण द्यावे. आणि अहवाल कपाटात न ठेवता लोकांपुढे मांडावा.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. घर बांधताना दार रुंद ठेवणे स्वस्त पडते. भिंत उभी राहिल्यावर ती फोडणे महाग पडते. शिवाय, आज डोळस असलेल्यांची नजरही उद्या म्हातारपणी अधू होणारच आहे.

सल्लागार दार कोठे अडते, ते दाखवील. ते उघडण्याची जबाबदारी मात्र खुर्चीवर बसलेल्यांचीच आहे. ती कंत्राटाने दुसऱ्यास देता येत नाही!