घराचे दर्शनी वाक्य

घराची दर्शनी बाजू कोणाच्या मालकीची, हा प्रश्न अमेरिकेतील घरमालक-संघांनी कायदेपंडितांइतकाच भाषेच्या अभ्यासकांपुढेही उभा केला आहे. अशा संघाच्या वसाहतीत घर घेणारा गृहस्थ खरेदीखताबरोबर वसाहतीच्या अटीही पत्करतो. ध्वज व पाट्या कोठे आणि केवढ्या असाव्यात, हेही बहुधा त्यांतच ठरलेले असते.

१९९० साली सेंट लुइसजवळच्या लाड्यू गावी एका महिलेने आखाती युद्धाविरुद्ध अंगणात फलक लावला, पुढे खिडकीत शांततेची लहानशी पाटी. नगराच्या नियमात ती बसेना. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिचा पक्ष उचलून धरला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे त्यातील निरीक्षण साहित्यशास्त्राच्या वर्गात वाचून दाखवावे असे आहे. निवृत्त सेनानीच्या अंगणातील शांततेची पाटी आणि दहा वर्षांच्या मुलाच्या खिडकीतील तीच पाटी यांचा परिणाम एक नव्हे. शब्द तेच, पण घर वक्ता कोण ते सांगते. वक्त्याच्या वैशिष्ट्याने व्यंग्यार्थ पालटतो, हे आपल्या आलंकारिकांना नवे नाही.

तथापि हा निकाल नगरपालिकेला बांधतो, खाजगी संघाला नाही. न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स या सुमारे दहा हजार वस्तीच्या वसाहतीत पाटी खिडकीत, अथवा घरापासून तीन फुटांच्या आतील फुलझाडांच्या वाफ्यात लावण्याची मुभा होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ही मर्यादा ग्राह्य मानली. २०१२ साली मात्र त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका संघाचा नियम मोडीत काढला. तेथे 'घर विकणे आहे' एवढेच सांगण्याची सोय होती. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या रहिवाशाला स्वतःच्या खिडकीत स्वतःचे नाव लावता येत नव्हते!

'करारावर सही केलीत ना?' हा संघांचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु ज्या दस्तात घेणाऱ्याला एक ओळही बदलता येत नाही, त्यावरील सहीला संमती म्हणावयाचे तर शब्दाचा अर्थ फारच ताणावा लागेल.

ध्वजाला २००६ साली संघराज्याच्या कायद्याने संरक्षण मिळाले, तेही केवळ राष्ट्रध्वजाला. राष्ट्राचे चिन्ह सुरक्षित, नागरिकाचे वाक्य मात्र करारावर सोडलेले. भारतात नवीन जिंदल यांच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकविणे ही नागरिकाचीच अभिव्यक्ती मानली. ही दृष्टी अधिक सखोल वाटते, कारण तीत ध्वजामागे बोलणारा माणूस दिसतो.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबे थोडी नाहीत. पाडव्याला एखाद्या सज्जात काठी उभी राहते. तिच्यावर जरीचा खण, कडुनिंब, साखरेची गाठी, पालथा तांब्या. ध्वज म्हणावे तर तो राष्ट्राचा नाही. फलक म्हणावे तर त्यावर अक्षर नाही. संघाच्या समितीने ती कोणत्या रकान्यात मांडावी?