सुरती मण आणि ९३१ जीबी

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात साडीच्या छपाईचं एकेक डिझाइन शेकडो एमबीचं असू शकतं, त्यामुळे डिस्क भरणं आणि नवी आणणं हे तिथलं रोजचंच. १ टीबीची म्हणून आणलेली डिस्क जोडली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं, आणि पहिला संशय जातो दुकानदारावर. संशय चुकीचा असला तरी तक्रार रास्त आहे. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो; त्याचा १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट. विंडोज तेच बाइट तीनदा १,०२४ ने भागतं आणि उत्तरापुढे ‘जीबी’च लिहितं. बाइट एकही गहाळ झालेला नसतो. मापं दोन आणि नाव एक, एवढाच हा घोळ.

सुरतेला हा घोळ नवा नाही. मराठी माणसाला सुरत आठवते ती १६६४ च्या स्वारीमुळे. पण त्याआधी आणि नंतरही हे बंदर चाललं ते वखारींच्या वह्यांवर. इंग्रजांची वखार इथे १६१३ पासून. १६३० च्या दशकात, शाहजहानच्या राज्यात, इथला मण सुमारे ३३ पौंडांवरून ३७ पौंडांवर गेला. म्हणजे मणाचा भाव तोच राहिला तरी माल जवळजवळ आठव्या हिश्श्याने जास्त द्यावा लागणार. पुढे सुरती मण ३७ पूर्णांक १ तृतीयांश पौंडांचा धरला जाई, मुंबईचा मात्र २८ पौंडांचा. कापसाची ७८४ पौंडांची खंडी सुरतेच्या हिशेबात २१ मण भरायची आणि मुंबईच्या हिशेबात २८ मण. पाढ्यात खंडी वीस मणांची शिकलेल्या माणसाने दोन्हीकडे गोंधळावं अशीच ही व्यवस्था होती. तरी व्यापार चालला, कारण सौद्यात नुसता मण लिहून भागत नसे, कुठला मण तेही लिहावं लागे. हीच खंडी आज ३५६ किलोंची म्हणून कापसाच्या बाजारात टिकून आहे. बाकीचे मण-शेर १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने गेले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने दशमान मापं आली.

त्याच १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिची क्षमता सांगितली जाई ५० लाख अक्षरं, साध्या दशमान मोजणीत. १,०२४ चा हिशेब आला मेमरी चिपकडून. तिथे पत्त्याची एक तार वाढली की जागा दुप्पट होते, म्हणून दोनाचे घात सोयीचे. डिस्कला अशी काही अडचण नाही. ती सवय तिला उगाच चिकटली. फ्लॉपीवरचं १.४४ एमबी तर धड या मापातलं नव्हतं की त्या: तिथला एमबी १,००० गुणिले १,०२४ बाइटांचा होता. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १,०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. याच घोळावरून अमेरिकेत ग्राहकांनी वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट या डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले. ते २००६ आणि २००७ मध्ये तडजोडीने मिटले. अॅपलने २००९ मध्ये मॅकची मोजणी हजारावर आणली. विंडोज अजून १,०२४ वरच आहे.

माप एक झालं तरी सगळे आकडे जुळत नाहीत, कारण काय मोजलं हाही प्रश्न उरतो. युनिक्समध्ये १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून दोन आज्ञा आहेत. ‘डीएफ’ फाइल सिस्टीमलाच विचारते, किती ब्लॉक मोकळे आहेत. ‘डीयू’ फोल्डर-फोल्डर फिरून फाइलींची बेरीज करते. एखाद्या चालू प्रोग्रामने उघडलेली मोठी लॉग फाइल कुणी डिलीट केली, की डीयूला ती दिसत नाही, पण प्रोग्राम ती सोडत नाही तोवर डीएफच्या लेखी जागा भरलेलीच असते. अशा वेळी घाबरून आणखी फाइली उडवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यात वर्षांची कामं जातात. ‘एलएसओएफ’ या आज्ञेने तो प्रोग्राम शोधून पुन्हा सुरू केला की काम होतं. लिनक्सची ईएक्सटी४ सिस्टीम तर रूटसाठी, म्हणजे मुख्य खात्यासाठी, ५ टक्के जागा आधीच राखते. १ टीबीत ती ५० जीबी होते. सिस्टीमच्या डिस्कवर ही राखीव जागा हवीच. नुसत्या डिझाइनांच्या डिस्कवर मात्र ती १ टक्क्यावर आणायला माझी हरकत नाही.

भरतकामाच्या यंत्रांकडे डिझाइनं नेणाऱ्या पेन ड्राइव्हचं दुखणं याहून वेगळं. भरतकामाच्या डिझाइनची डीएसटी फाइल छोटी असते, समजा २० केबीची. ६४ जीबीचा ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला तर विंडोज जागा १२८ केबीच्या तुकड्यांत वाटतं, आणि २० केबीची फाइलही अख्खा तुकडा अडवते. अशी १०,००० डिझाइनं मिळून मजकूर २०० एमबीच्या आसपास, पण अडलेली जागा सव्वा जीबी. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात, पण दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. ड्राइव्ह लहान तुकड्यांवर पुन्हा फॉरमॅट केला की जागा परत मिळते. फक्त आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायला हवं.

म्हणून आकडे जुळेनात तेव्हा आधी माप तपासावं, मग राखीव जागा, मग रिसायकल बिन, रिस्टोअर पॉइंट आणि हायबरनेशनची फाइल. डिस्क बिघडली हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी. पण हे ओझं एकट्या ग्राहकाने का वाहावं? विंडोजने ९३१ पुढे गिबी लिहावं. आणि आपल्याकडे वैध मापन अधिनियम, २००९ आहे, त्याखाली वेष्टनबंद वस्तूंचे नियम आहेत. डिस्कच्या खोक्यावर ‘१ टीबी’खाली ‘९३१ गिबी’ ही ओळ सक्तीची करायला त्या नियमांत एक दुरुस्ती पुरेल.