सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरीण

गणेशचतुर्थीच्या आधी दादर स्थानकाबाहेर पत्रींचे ढीग लागतात. आघाडा, माका, डोरली, निर्गुडी, अर्जुन अशा द्रव्यगुणाच्या ग्रंथांतील कितीतरी वनस्पती तेथे एकत्र दिसतात. त्या घेऊन येणाऱ्यांत पालघर, शहापूर, कसारा भागांतील स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. गिरगाव-परळच्या चिकित्सालयांत बसणाऱ्या आम्हा वैद्यांची वनस्पती आणणाऱ्या हातांशी गाठ पडते ती बहुधा एवढीच. एरवी वनौषधी आमच्यापर्यंत व्यापाऱ्याच्या पोत्यातून येते आणि ते हात दिसेनासे होतात.

लागवडीच्या प्रकल्पांतही असेच घडते. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले. पुढे शतावरी, अश्वगंधा, सफेद मुसळी यांच्या लागवडीस अनुदान मिळू लागले. अनुदानासाठी सातबारा लागतो आणि तो बहुधा पुरुषाच्या नावे असतो. साहजिकच प्रशिक्षणाचे बोलावणे त्यालाच येते, रक्कमही त्याच्याच खात्यात जमा होते. खुरपणी करणारी, शतावरीची मुळे धुऊन ती ओली असतानाच सोलणारी व वाळविणारी स्त्री मात्र शेतकरी म्हणून कोठेच नोंदली जात नाही.

हा प्रश्न केवळ न्यायाचा नाही, द्रव्याच्या गुणाचाही आहे. मूळ अपक्व असताना खणले, वाळविताना त्याला बुरशी आली, तर आमच्या शतावरी कल्पात गुण यावा कोठून? ज्या हातांवर हे अवलंबून, त्यांनाच शिक्षणापासून दूर ठेवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. गुराखी, मेंढपाळ व वनवासी वनस्पतींना नामरूपाने ओळखतात, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. त्यांचा योग जाणणारा श्रेष्ठ, हेही तेथेच म्हटले आहे. या दोन ज्ञानांची सांगड घालणे हे आपलेच कर्तव्य ठरते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवड येथे महिलांचे अधिवेशन भरविले. पुढे 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमातून अनेक शेतकऱ्यांनी आपली काही जमीन स्वेच्छेने पत्नीच्या नावे केली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला समान हक्क राज्यात १९९४ साली, तर देशभर २००५ साली मिळाला. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत सुटलेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र विवाहितांना मिळणारा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदविण्याची तरतूद केली. लागवड-प्रकल्पांनीही हाच कित्ता गिरवावा.

'आम्ही वैद्य, जमिनीच्या नोंदींशी आमचा काय संबंध?' असे कोणी विचारील. सातबारा बदलणे आपल्या हाती नाही हे खरे, परंतु खरेदी आपल्या हाती आहे. औषधालयांच्या चालकांनी एकत्र येऊन निदान एक-दोन द्रव्ये महिला बचत गटांकडून थेट घ्यावीत व त्यांचे मोल गटाच्या खात्यात भरावे. संग्रहकाल, शोधन व साठवण यांचे पाठ आपल्या वैद्यांनी गावात जाऊन, स्त्रियांना सवड असेल त्या वेळी द्यावेत. लागवडीचा प्रस्ताव आपल्या शिफारशीसाठी आला, तर त्यात कसणाऱ्या स्त्रीचे नाव आहे की नाही, हे आधी पाहावे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून घोषित केले. वर्षे घोषित होतात आणि सरतात. आपल्या खरेदीच्या वहीत तिचे नाव चढले, तर ते मात्र टिकेल.