कपडा अंगाला, की अंग कपड्याला?

मैत्रिणींनो, लग्न ठरलेल्या मुलीला आज पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? 'मुलगा स्वभावाने कसा आहे?' हा नव्हे. 'लग्नापर्यंत किती किलो कमी करणार?' हा! टिटवाळ्यात काम करताना हा प्रश्न मी आयांच्या, मावश्यांच्या, होणाऱ्या सासवांच्या आणि दुकानदारांच्या तोंडून ऐकत आले आहे. विचारणाऱ्यांना त्यात काही गैर वाटत नाही, हीच खरी काळजीची गोष्ट आहे.

इथल्या महागणपतीला नवस केला की लग्न जुळते, अशी श्रद्धा आहे. लग्न जुळले, की मंदिराच्या रांगेतून सुटलेली मुलगी कल्याण-उल्हासनगरच्या दुकानांच्या पायऱ्या चढू लागते. हळदीला घागरा, विधीला नऊवारी, मग शालू, रिसेप्शनला गाऊन. कपडे चार, आणि चारही कपड्यांत मावण्याची जबाबदारी एकट्या मुलीची.

रिसेप्शनचा भाड्याचा गाऊन तर तिच्यासाठी शिवलेलाच नसतो. तो कारखान्याच्या तक्त्यावरच्या बाईसाठी शिवलेला असतो. तिची छाती, कंबर, उंची सगळे ठरलेल्या प्रमाणात. खऱ्या बाईचे खांदे एका नंबरात बसतात, कंबर दुसऱ्या. पाठीची चेन अडली, की खरे तर कपडा चुकला असे म्हणायला हवे. पण ऐकू येते ते वेगळेच : 'अजून महिना आहे ना? रात्रीचं जेवण सोड.' हे सांगितले जाते कोणाला? पहाटे उठून डबा करून लोकल पकडणाऱ्या मुलीला! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांच्या ताटातली भाकरी आपण कापडासाठी काढून घेतो आहोत. नवरदेवाचे पोट सुटले असेल तर काय होते? शिंपी शेरवानीची बटणे सरकवतो. त्याचा कपडा उसवतात, तिचे जेवण तोडतात.

टिटवाळ्याची आख्यायिका शकुंतलेशी जोडलेली आहे. कण्वांचा आश्रम इथे होता असे सांगतात. कालिदासाच्या नाटकात पहिल्याच अंकात शकुंतला तक्रार करते, की प्रियंवदेने वल्कल फार घट्ट बांधले आहे, जरा सैल कर. अनसूया ते सैल करते. प्रियंवदा मात्र थट्टेने म्हणते, दोष मला कशाला, आपल्या वाढत्या तारुण्याला दे. थट्टा मैत्रिणीची आहे, पण नीट पाहा : कपडा काचतो आणि दोषी ठरते अंग! आजचा दुकानदार वेगळे काय सांगतो?

कोणी म्हणेल, तुम्हाला गाऊनचेच वावडे. तसे नाही. वसईच्या ख्रिस्ती मैत्रिणी चर्चमध्ये पांढरा गाऊन घालतात, आमच्या मुलीने हौसेने घातला तर आमची हरकत नाही. जुन्या नऊवारीचे गोडवेही आम्हाला गायचे नाहीत. त्याच नऊवारीत कोवळ्या पोरी बोहल्यावर उभ्या केल्या गेल्या. पण एक गुण तिच्यात होता : तिला नंबर नव्हता. बारीक, जाड, पोटुशी, कोणत्याही बाईने ती आपल्या अंगाप्रमाणे नेसावी. आता तीही शिवून, मापे घालून विकली जाते. ज्या कपड्यात बाई नापास होऊ शकत नव्हती, त्यातही आपण तिची परीक्षा ठेवली.

म्हणून मुलीबरोबर खरेदीला जाल तेव्हा काही गोष्टी ठणकावून सांगा. माप आजच्या अंगाचे घ्यायचे, 'कमी होणाऱ्या' अंगाचे नाही. ब्लाउजच्या दोन्ही बगलांत कापड आत सोडायला लावा, म्हणजे उसवून सैल करता येते. गाऊनला पाठीत चेनऐवजी नाडी असेल तर तो चार बोटे कमी-जास्त होतो. आरशासमोर नुसते उभे राहून पसंती देऊ नका : खाली मांडी घालून बसा, दोन्ही हात वर करा, पोटभर श्वास घ्या, घासभर खाऊन पाहा. नायलॉनची जाळी होमाजवळ नेऊ नका, ती पेटली की वितळून कातडीला चिकटते. आणि मुलगी 'काचतंय' म्हणाली, की चर्चा तिथेच संपवा.

लग्नाला कायदा काय मागतो तेही तिला सांगा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि दोघांची संमती लागते. कंबरेचे माप त्यात कुठेही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ पासून भटजीवाचून साध्या खर्चात सत्यशोधक लग्ने लावली. त्यांना जे दीडशे वर्षांपूर्वी जमले, ते आपल्याला एका गाऊनपुढे जमू नये?

तेव्हा पुढच्या लग्नसराईत प्रत्येक गटाने एवढे तरी ठरवावे : आपल्या वस्तीत लग्न ठरलेल्या कोणत्याही मुलीला 'किती कमी करणार?' असे विचारायचे नाही, आणि कोणी विचारले तर ऐकून घ्यायचे नाही. प्रियंवदा आजूबाजूला पुष्कळ आहेत. आपण अनसूया होऊया. गाठ सैल करूया.