राजगादी, ड्रॅगन आणि विट्याचा वाचक : अशी काळोखी मालिका मराठीत का नाही?

सांगली जिल्ह्यातलं विटा हे खानापूर तालुक्याचं ठिकाण. सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायामुळं या भागातली माणसं देशभर पांगली आहेत. गावात राहिलेला असो की परराज्यात वाढलेला, इथला तरुण वाचक आज मोबाईलवरून 'गेम ऑफ थ्रोन्स'ची मूळ पुस्तकं सहज मागवू शकतो. एकदा त्या जगात शिरलं की पाच जाडजूड खंड संपेपर्यंत सुटका नसते. फक्त हे सगळं तो बहुतेक वेळा इंग्रजीतच वाचतो.

हे वेड नेमकं कशाचं?

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ मध्ये आला, पाचवा २०११ मध्ये. सहाव्याची वाट बघणं अजून सुरूच आहे. इथं जादू आहे, ड्रॅगन आहेत, पण चांगल्याचं चांगलंच होईल याची खात्री नाही. ज्याला नायक समजावं, त्याचं मुंडकं पहिल्याच खंडात उडतं. कुणाचेच हात स्वच्छ नाहीत आणि प्रत्येक निर्णयाची किंमत कुणीतरी मोजतंच. पात्र कधीही हातचं जाईल या धास्तीनंच वाचकाचा त्याच्यावर जीव जडतो.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. गादीसाठी भाऊबंदकी, दिलेल्या शब्दापायी झालेला सर्वनाश, धर्माच्या बाजूनं लढणाऱ्यांनीही केलेलं कपट, हे सगळं महाभारत ऐकत वाढलेल्यांच्या ओळखीचं आहे.

मग मराठीत अडलं कुठं?

भीती आणि गूढ लिहिणारे मराठीत होतेच. नारायण धारपांनी शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली. 'तुंबाड' या सिनेमामागची एक प्रेरणा त्यांचीच कथा होती. २०१८ साली आलेला हा सिनेमा सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. म्हणजे गोष्ट आहे, प्रेक्षकही आहे. पण एक अख्खं जग उभं करणारी आणि सगळ्यांच्या तोंडी असलेली अनेक खंडांची मालिका मराठीत झाली नाही.

भाषा लहान पडते म्हणावं, तर पोलंडकडं बघा. पोलिश बोलणारे साधारण चार कोटी. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे आठ कोटींहून अधिक. तरीही 'द विचर' ही काळोखी मालिका पोलिशमध्ये जन्मली. आंद्रेय सापकोव्स्की यांनी एका मासिकाच्या स्पर्धेसाठी लिहिलेली एक कथा १९८६ मध्ये छापून आली. त्या कथेतून आणखी कथा, मग कादंबऱ्या, २००७ मध्ये व्हिडिओ गेम आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सची मालिका आली.

स्पर्धेनं काय होतं, हे मराठीनंही पाहिलंय. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं आलेली 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक होते जयंत नारळीकर. त्यानंतर मराठी विज्ञानकथेला केवढं बळ मिळालं, ते सर्वांना माहीत आहे.

आता काय करता येईल?

मोठी मालिका एकदम जन्माला येत नाही. आधी एक कथा छापली जावी लागते, मग लेखकाला दुसरीसाठी जागा मिळावी लागते. दिवाळी अंकांची परंपरा आपल्याकडं आहेच. सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं आणि पुढं या योजनेत सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचीही निवड झाली. कपाटं आहेत, वाचक आहेत. या लेखनासाठी नियमित स्पर्धा आणि तीन-चार खंड होईपर्यंत लेखकाच्या पाठीशी उभा राहणारा प्रकाशक, एवढं मात्र हवं.

नाहीतर विट्याचा पुढचा वाचक अशा गोष्टी इंग्रजीत वाचेल आणि उद्या लिहायला बसला तर त्याही इंग्रजीतच लिहील.